काम कोणाचं, हुकूम कोणाचा: चर्चमधल्या पगारी माणसांचा कारभार

चिरेबंदी (धागाकर्ता)

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत चर्चच्या कारभारावर बोलणं निघालं की बांधकाम, सण आणि वर्गणी यांवर लोक भरभरून बोलतात. आत रोज राबणाऱ्या पगारी माणसांचा विषय मात्र "फादर बघतील" एवढ्यावर संपतो. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेत, तत्त्वज्ञान शिकवतात, ईशज्ञान शिकवतात. हजेरीपत्रक कसं ठेवायचं ते कोणी शिकवत नाही. म्हणून हा धागा.

चर्चेला धरायला काहीतरी हवं म्हणून एक नमुना घेऊ. साडेतीनशे-चारशे कुटुंबांचा धर्मग्राम (पॅरिश), प्रमुख धर्मगुरू आणि एक सहायक, आवारात शाळा, मागे थोडे माड आणि कलमं. पगारी माणसं सात: ऑफिस सांभाळणारी, सॅक्रिस्टन (वेदी, वस्त्रं आणि भांडी सांभाळणारा), फादरांच्या बंगल्यावरची स्वयंपाकीण, झाडलोट करणारी, बागेतला गडी, रात्रीचा वॉचमन आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा हिशेबनीस. ऑर्गन वाजवणारा मानधनावर. 2005 साली झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतातल्या लहान गावात यातली दोन-तीनच माणसं असतील, वसईकडच्या मोठ्या धर्मग्रामांत जास्त. गुंता सगळीकडे सारखाच.

या सात जणांत बिघडतं ते कोणाची श्रद्धा कमी पडते म्हणून नाही. एका माणसाला पाच जण कामं सांगतात म्हणून बिघडतं. सॅक्रिस्टनला फादर एक सांगतात, सहायक फादर दुसरं, सिस्टर तिसरं, धर्मग्राम परिषदेचे सेक्रेटरी चौथं, आणि लग्नघरातला मामा येऊन पाचवं. मग तो शेवटी ऐकू आलेल्याचं करतो किंवा कोणाचंच करत नाही, आणि सगळे म्हणतात माणूस कामचुकार आहे.

त्यावर उपाय एक पान. प्रत्येकाचं वेगळं, मराठीत, त्याच्या सहीचं. सॅक्रिस्टनचं पान साधारण असं. काम सांगणारे: सहायक धर्मगुरू, ते गावात नसतील तेव्हा प्रमुख धर्मगुरू. रोज मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) अर्धा तास आधी दार उघडणं, वेदी लावणं, माईक बोलून बघणं; मिस्सा झाल्यावर पवित्र भांडी कुलूपबंद करणं आणि दानपेट्यांची कुलपं हाताने ओढून बघणं. आठवड्यातून एकदा मेणबत्त्या, होस्ट (मिस्सातली भाकर), द्राक्षारस यांची शिल्लक वहीत लिहिणं. उपासनेचा हंगाम बदलायच्या आठवडाभर आधी नव्या हंगामाच्या रंगाची फादरांची वस्त्रं कपाटातून काढून वारा देणं, कारण आपल्या हवेत बंद कपाटातल्या कापडाला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. खाली साप्ताहिक सुट्टीचा वार आणि सुट्टीत त्याच्या जागी कोण, त्याचं नाव. सगळ्यात उपयोगी भाग "करायचं नाही" हा: दानपेटी उघडायची नाही, मिस्साचा हेतू (मिस्सा कोणासाठी अर्पण करायची ते) परस्पर लिहून घ्यायचा नाही, हॉल मोकळा आहे की नाही हे कोणालाही सांगायचं नाही.

जाणकारांनी भर घालावी.

खाडीपलीकडे

पानाची कल्पना पटली. हुकूम कोणाचा हे चर्चच्या कायद्यात आधीच लिहिलेलं आहे, फक्त ते कोणी उघडून बघत नाही. 1983 च्या कॅनन कायद्यात (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात) कलम 532 प्रमाणे कायदेशीर व्यवहारात धर्मग्रामाच्या वतीने उभे राहतात ते प्रमुख धर्मगुरू. 537 प्रमाणे अर्थ समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. 536 मधली धर्मग्राम परिषद बिशपांनी ठरवलं तर असते, आणि तिचं मत सल्ल्यापुरतं. म्हणजे परिषदेच्या सेक्रेटरीने वॉचमनला "इथल्या खुर्च्या तिकडे ने" म्हणायचा अधिकार कुठूनच येत नाही. ते त्यांनी फादरांना किंवा ऑफिसात सांगायचं.

पण याचं दुसरं टोकही वाईट. सातही माणसं थेट प्रमुख धर्मगुरूंच्या हाताखाली ठेवली की प्रत्येक फुटलेल्या बल्बसाठी बंगल्याची बेल वाजते. वाटणी अशी बसते: ऑफिस, हिशेबनीस आणि स्वयंपाकीण प्रमुखांकडे, सॅक्रिस्टन आणि ऑर्गन सहायकांकडे, झाडलोट, वॉचमन, बाग हे तिघे ऑफिस सांभाळणारीकडे.

या शेवटच्या वाटणीत पहिले दोन महिने कुरबुर होते. पन्नाशीचा गडी पंचवीस-तिशीच्या मुलीकडून काम ऐकून घ्यायला कचरतो आणि सरळ फादरांना गाठतो. फादरांनी सगळ्यांसमोर एकदा जाहीर करायचं, आणि तरी कोणी आलं तर शांतपणे विचारायचं: "ऑफिसात सांगितलंस का?" एकदा जरी "बरं, मी बघतो" म्हटलं की ती व्यवस्था त्याच दिवशी मोडली. नंतर ती मुलगी काम सांगायचंच सोडून देते.

तिसरी_घंटा

आठवड्याची बैठक नसेल तर कागदावरचं पान कपाटात जाऊन बसतं. वार मंगळवार. सोमवारी बऱ्याच ठिकाणी फादर आणि सॅक्रिस्टन दोघांची सुट्टी असते, आणि रविवारचं सगळं मंगळवारपर्यंत आठवणीत असतं. वेळ सकाळच्या मिस्सानंतर, चाळीस मिनिटं. प्रार्थना दोन मिनिटं. काही ठिकाणी प्रार्थनाच अर्धा तास लांबते आणि कामाचं बोलणं उभ्या उभ्या उरकतं.

पहिली पाच मिनिटं गेल्या रविवारची: काय अडलं, कुठे. नंतर पुढच्या चौदा दिवसांचं कॅलेंडर मोठ्याने वाचायचं. हे वाचणं सोडू नका, सगळा फायदा तिथेच आहे. "शनिवारी चार वाजता लग्न, सहाला रविवारची आगाऊ मिस्सा" हे वाचल्यावरच लक्षात येतं की फुलांची सजावट उतरवायला दोन तासांत फोटोवाल्यांना बाहेर काढावं लागेल, आणि ते कोण काढणार. मग दुरुस्त्या. मग प्रत्येकाला एकच प्रश्न: "या आठवड्यात तुझं काम कशामुळे अडेल?" झाडलोट करणारी बाई पहिल्या महिन्यात काही बोलणार नाही. तिला शेवटी विचारू नका, पहिली विचारा.

नोंद अर्ध्या पानाची. काम, नाव, तारीख. पुढच्या मंगळवारी तेच अर्धं पान आधी वाचायचं.

मिस्साच्या हेतूंबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ऑफिस आणि सॅक्रिस्टी (सॅक्रिस्टनची वस्त्रं-भांड्यांची खोली) यांच्यातली निम्मी भांडणं इथली असतात. कोणी ऑफिसात हेतू लिहून जातं, कोणी सॅक्रिस्टनच्या हातात पाकीट देतं, कोणी फादरांना व्हॉट्सॲप करतं, आणि त्या दिवशी दोन घरं पुढच्या बाकावर बसून आपल्या माणसाचं नाव ऐकायला थांबलेली असतात. कॅनन 958 प्रमाणे यासाठी वेगळी वही ठेवणं हे धर्मगुरूंचं कर्तव्यच आहे: किती मिस्सा, कोणत्या हेतूने, किती मानधन (हेतूसोबत दिलेले पैसे), अर्पण झाली की नाही. वही एकच, ती ऑफिसात. फोनवर आलेलं आधी वहीत चढेल, मगच "हो" म्हणायचं. सॅक्रिस्टनला आदल्या संध्याकाळी त्या वहीतून काढलेली चिठ्ठी मिळते, तो स्वतः काही लिहून घेत नाही. हे मानधन रविवारच्या दानात मिसळायचं नाही, आणि एकाच फादरांनी एका दिवसात अर्पण केलेल्या दुसऱ्या मिस्साचं मानधन बिशपांनी नेमून दिलेल्या कामाला जातं, नाताळ सोडून. हिशेबनिसाला हे माहीत नसेल तर तो सरळ जमेत धरतो आणि वर्षअखेरीला ताळा लागत नाही.

जुनं_माप

वाचतोय. पण एवढे कागद कशाला? आपल्याकडे घंटा वाजवणारा बापाकडून शिकला, तो त्याच्या बापाकडून. चर्चचं काम ही सेवा आहे. पान, सही, बैठक, नोंद करून तिची कचेरी होते. सात माणसांना एक फादर सांभाळू शकत नसतील तर कागद काय सांभाळणार? आता बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन बसवा म्हणजे झालं.

ताळेबंद

मशीनवर तुमच्याशी सहमत. सात माणसांना मशीन लागत नाही, आणि अंत्यविधीला मध्यरात्री धावून आलेल्या माणसाचा तो ठसा मशीन मोजत नाही. साधी वही पुरते.

"सेवा" वर मात्र असहमत. सेवा स्वयंसेवकाची. ज्याचं घर त्या पगारावर चालतं त्याची नोकरी आहे, तो ती कितीही भक्तीने करो. कॅनन 1286 यात आडपडदा ठेवत नाही: कामगारविषयक नागरी कायदे पाळा, आणि त्या माणसाच्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजा भागतील असं न्याय्य वेतन द्या. "सेवा आहे" म्हणून पगार तोकडा ठेवला की माणूस तो दुसरीकडून भरून काढतो. हॉलच्या खुर्च्यांचे सुटे पैसे, नारळ, उरलेल्या मेणबत्त्या. आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं.

आकडे बघू. राज्याचे किमान वेतनाचे दर असतात आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. ते दोन महिने कॅलेंडरवर लिहून ठेवा. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, बँकेत. रोखीने दिलेला पगार मागाहून सिद्ध करता येत नाही, आणि बँकेतल्या नोंदी नसतील तर त्या माणसालाही कर्ज मिळत नाही.

ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून लागतो. सात आहेत म्हणून हात झटकू नका, तोच हिशेब धरून पैसे बाजूला काढत चला. सूत्र: शेवटचा मासिक पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. महिन्यावर आणलं तर पगाराच्या 4.81 टक्के. बारा हजार पगार असेल तर दरमहा 577 रुपये वेगळ्या खात्यात. असं केलं नाही तर वीस वर्षांनी सॅक्रिस्टन निवृत्त होतो तेव्हा एकरकमी 1,38,000 च्या वर लागतात, आणि अर्थ समिती एकमेकांच्या तोंडाकडे बघते. मग "गावातून वर्गणी काढू" असा तोडगा निघतो. ज्याने वीस वर्षं दार उघडलं त्याच्या नावाने पेटी फिरवायची, हे चांगलं दिसत नाही. शिवाय पगार वाढला की मागच्या वर्षांचा हिशेबही नव्या पगारावर होतो, म्हणून मार्चमध्ये खात्यात किती कमी पडतंय ते बघून भर घाला.

पैसे मोजण्याबद्दल: रविवारचं दान कर्मचाऱ्याने एकट्याने मोजणं हा त्याच्यावरच अन्याय. कमी भरलं तर संशय त्याच्यावर, आणि तो निर्दोष असला तरी दाखवायला काही नाही. एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोन स्वयंसेवक, दर महिन्याला पाळी बदलून. नोटांच्या किमतीप्रमाणे चिठ्ठी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, पिशवी सीलबंद, बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरणा. ऑफिस सांभाळणारीने फक्त भरण्याची पावती आणि चिठ्ठी जुळवायची.

खाडीपलीकडे

@ताळेबंद, नाताळच्या बक्षिसीचं काय? दुबई-कुवेतवाले दरवर्षी "सगळ्या कामगारांना वाटा" म्हणून पैसे पाठवतात.

ताळेबंद

पाठवणारा भारतीय नागरिक असेल, भारतीय पासपोर्ट असेल, आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं) कार्ड असलं तरी, त्याचे पैसे परदेशी देणगी. त्याला एफसीआरएची (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आखातातले बहुतेक पहिल्या प्रकारात, लंडन-टोरांटोवाल्यांना आधी विचारा. पासपोर्टची प्रत आणि "कामगारांच्या नाताळ बक्षिसीसाठी" असं लेखी घ्या. कॅनन 1267 प्रमाणे ज्यासाठी दिलं त्यासाठीच ते वापरायचं. त्यातून पंखा बसवायचा नाही.

वाटताना सगळ्यांना सारखी रक्कम द्या किंवा सगळ्यांना एक पगार. "याने जास्त केलं" म्हणून नाताळला कमी-जास्त पाकिटं वाटली की जानेवारीभर घरात तेच बोलणं.

पाळकवाडी

आमच्या बाजूचं लिहितो, प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे मंडळ्या लहान. पाळक, एक केअरटेकर, बाकी सगळे स्वयंसेवक. इथे पाळकसाहेब एकटे मालक नसतात. पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे बारा जण, निवडून आलेली असते, सेक्रेटरी आणि खजिनदार तिच्यातले. त्यामुळे तुमच्याकडे एक बॉस जास्त, तर आमच्याकडे बाराही बॉस. केअरटेकरला कमिटीचा जो सदस्य आवारात येईल तो काम सांगतो. उपाय तोच, फक्त तो ठराव म्हणून इतिवृत्तात नोंदवायचा: "केअरटेकरला रोजचं काम पाळक सांगतील, पगार, रजा, शिस्त याबद्दलचा निर्णय कमिटीचा, आणि तो सेक्रेटरी लेखी कळवतील." नवी कमिटी निवडून आली की पहिल्या सभेत हा ठराव वाचून कायम करायचा, नाहीतर नवे बारा जण पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट कुठल्याच पगारपत्रकावर दिसत नाही. पाळकांची बायको. संडे स्कूल ती घेते, महिला मंडळ ती चालवते, पाहुणे आले की चहा तिचा, पाळक दौऱ्यावर असताना फोन तिचा. एक पगार, दोन माणसं, आणि कोणी ते ठरवून केलेलं नसतं. कमिटीने वर्षातून एकदा तिची कामं लिहून काढावीत आणि प्रत्येकासमोर लिहावं: स्वखुशीने, मानधनाने, की दुसऱ्याकडे द्यायचं. तिला समोर बसवून विचारा, साहेबांमार्फत नको. तिची बाहेर नोकरी असेल तर या यादीतलं निम्मं तिच्याकडे नसलंच पाहिजे. ही यादी केली नाही तर पाळकांची बदली झाल्यावर मंडळी नव्या वहिनींना आल्या आल्या पहिला प्रश्न विचारते, "तुम्ही ऑर्गन वाजवता ना?"

स्वयंसेवकांचं वेगळंच गणित. त्यांना हुकूम चालत नाही, पण मुदत चालते. दोन वर्षांची मुदत आधीच सांगा. "तुम्ही आहात तोवर" म्हणून दिलेलं गायनवृंदाचं काम काढून घेणं म्हणजे घरातलं भांडण.

माडबन

बागेतल्या गड्याचा विषय इथे येणं गरजेचं होतं, कारण आपल्या पट्ट्यात तिथेच मोठी चूक होते. पगार परवडत नाही म्हणून त्याला सांगतात, "मागचा तुकडा तू कर, भाजी लाव, भात लाव, आणि बागेकडे बघ." असं कधीही करू नका. पीकपाण्याला किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याचं नाव चढलं की कुळाचा (कसणाऱ्याच्या जमिनीवरच्या हक्काचा) दावा उभा राहतो, आणि तो निस्तरायला पुढच्या तीन फादरांची कारकीर्द जाते. गड्याला पगार पैशातच. माड आणि आंबा मक्त्याने द्यायचा तर लेखी, एका हंगामाचा. दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा शेतजमिनीचा भाडेपट्टा असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. इमारत किंवा बिनशेती जागा असेल तर तीन वर्षांच्या वर.

आवारातल्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनचंही तसंच. नेमणूकपत्रात स्पष्ट ओळ हवी की खोली नोकरीसोबत आहे, भाडं नाही, नोकरी संपल्यावर इतक्या दिवसांत रिकामी करायची. विजेचं मीटर चर्चच्या नावावर. त्याच्या नावाने वेगळं मीटर "सोयीसाठी" घेऊ देऊ नका.

नारळ मोजताना पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा), गडी आणि ऑफिसातलं कोणीतरी, तिघं हवेत. पाडेलीची मजुरी माडावर ठरते, नारळांवर नाही. म्हणून किती माड चढला आणि किती नारळ पडले हे दोन वेगळे आकडे लिहा. दोन पाडण्यांचे आकडे शेजारी ठेवले की गळती कुठे आहे ते कोणावर बोट न ठेवता दिसतं.

घंटाघर

शाळेचा शिपाई चर्चच्या कामाला लावू नका, हे कोणी लिहिलं नाही अजून. अनुदानित शाळेतला शिपाई सरकारी अनुदानातून पगार घेतो आणि त्याच्या सेवाशर्ती 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली येतात. त्याला पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) मंडप बांधायला बोलावलं आणि तो पडला, तर प्रश्न कोणाच्या कामावर पडला हा येतो. त्याला रविवारी काम हवंच असेल तर स्वेच्छेने, शाळेच्या वेळेबाहेर, चर्चच्या वेगळ्या व्हाउचरवर.

आणि ज्याबद्दल बोलायला सगळे कचरतात ते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती लागते, आणि स्वयंसेवकही "कर्मचारी" या व्याख्येत धरलेले आहेत. म्हणजे सात पगारी अधिक धर्मशिक्षणाचे पंधरा शिक्षक असतील तर "आम्ही लहान आहोत" हे म्हणणं टिकत नाही. दहाच्या खाली असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता ऑफिसच्या फलकावर लावा, बंगल्यावरच्या स्वयंपाकिणीलाही सांगा. समिती नेमली तरी तिचा अध्यक्ष फादर असू शकत नाही, अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला कर्मचारी लागते आणि एक सदस्य बाहेरचा.

मुलांच्या बाबतीत पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याच्या कलम 19 खाली ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी बिशप हाउसला विचारू" असा टप्पा कायद्यात नाही. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. रोजच्या व्यवहारात सोपे नियम: धर्मशिक्षणाच्या वर्गाचं दार उघडं, मोठी माणसं दोन, वेदीसेवक मुलं (मिस्सात फादरांना मदत करणारी) सॅक्रिस्टीत एकट्या मोठ्या माणसासोबत नाहीत, सहलीला पालकांची लेखी संमती. सॅक्रिस्टन, वॉचमन, ड्रायव्हर यांना ठेवण्याआधी पोलिस पडताळणी, गावातलाच असला तरी. "गावातलाच" हाच बहुतेक वेळा न तपासण्याचा बहाणा असतो.

जुनं_माप

पडताळणी मान्य. नात्यातल्या माणसाला ठेवण्याबद्दल काय म्हणाल? लहान गावात बिननात्याचा माणूस आणायचा कुठून?

चिरेबंदी

नातं असू द्या, साखळी नको. हिशेबनीस आणि खजिनदार नात्यातले नकोत, काम सांगणारा आणि ऐकणारा नात्यातले नकोत. परिषदेच्या सदस्याचा भाचा वॉचमन असेल तर वॉचमनबद्दल चर्चा निघाल्यावर सदस्याने खोलीबाहेर जायचं, आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. इतकं पाळलं तर चालतं.

घंटाघर

एवढ्याने चालत नाही, असं माझं मत. बाहेर गेलेला मामा रात्री घरी ऐकतोच. पण असो.

ताळेबंद

शिस्तीचं कोणी विचारलं नाही, पण विचारतील. माणूस वारंवार उशिरा येतो, किंवा दारू पिऊन येतो. पहिली पायरी तोंडी, एकट्याला, तारखेसह वहीत नोंद. दुसरी लेखी, काय अपेक्षित आहे आणि किती दिवसांत हे स्पष्ट. तिसरी कारणे दाखवा नोटीस, उत्तराला सात दिवस. उत्तर आल्यावर अर्थ समितीतले दोघे आणि फादर समोरासमोर ऐकतात, तो हवं तर एक सहकारी सोबत आणतो. मग निर्णय, लेखी. पैशांची अफरातफर असेल तर सुरुवात तिसऱ्या पायरीपासून, आणि चौकशी संपेपर्यंत किल्ल्या काढून घ्यायच्या, पगार थांबवायचा नाही.

काय करू नये: रविवारी प्रवचनातून टोमणा. गावभर कळतं कोणाबद्दल आहे ते, आणि त्यानंतर कुठलीही नोटीस सूडाची वाटते. दारूच्या बाबतीत नोटिशीबरोबरच उपचाराची वाट दाखवा आणि एकदा रजा द्या. दुसऱ्यांदा मात्र तोच कागद पुढे न्या.

तिसरी_घंटा

हंगामाचं वेळापत्रक आपल्याकडे वेगळं असतं, शहरातली पुस्तकं वाचून बसवू नका. बागेतला गडी, वॉचमन, झाडलोट करणारी ही बरेचदा हिंदू कुटुंबांतली, आणि कोकणात चतुर्थीला रजा नाकारणारा साहेब अजून जन्मायचा आहे. 8 सप्टेंबरचा मारियेचा जन्मोत्सव त्याच सुमाराला. 2024 मध्ये चतुर्थी 7 ला, शनिवारी, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी सण. तिघं रजेवर आणि चर्चमध्ये वर्षातली मोठी गर्दी. म्हणून जुलैतच लिहून ठेवायचं: त्या आठवड्यात झाडलोट युवक मंडळाकडे, रात्रीचा पहारा परिषदेच्या माणसांकडे पाळीने. बदल्यात नाताळच्या रात्री ख्रिस्ती कर्मचारी मिस्साला बसतात आणि दार, पार्किंग, दिवे हे तिघं सांभाळतात. ही अदलाबदल आधी ठरली असेल तर दोन्हीकडे आनंदाने होते.

मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. कोळीवाड्यातले पुरुष त्या काळात घरी असतात. वाचक, गायनवृंद, वेदीसेवकांचे पालक यांचं प्रशिक्षण त्यातच उरका. वर्गणी मात्र त्या दोन महिन्यांत मागू नका, घरात रोकड नसते.

पावसाआधीची यादी 15 मेपर्यंत: कौलं, पन्हाळी, विजेचा अर्थिंग, माडांच्या वाळलेल्या झावळ्या, सिमेटरीतला पाण्याचा निचरा. प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचं नाव. दोन नावं असली की ते काम जूनमध्ये भर पावसात होतं.

पवित्र आठवड्यात सॅक्रिस्टन झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत थांबत नाही. त्याला पुढच्या आठवड्यात सलग दोन दिवस सुट्टी, आधीच जाहीर केलेली. अंत्यविधीसाठी ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता हवा: निरोप आला की कोण घंटा वाजवतो, कोण खड्डेवाल्याला सांगतो, कोण रजिस्टर काढतो. जांभ्यात खड्डा पहारीने काढायला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो. मुंबईहून किंवा आखातातून कोणी यायचं असेल तर वेळ बदलते, आणि बदललेली वेळ खड्डेवाल्याला कळवायचं काम कोणाचं हे तक्त्यावर नसेल तर कोणीच कळवत नाही.

माडबन

शेवटचा प्रश्न माझा. फादरांची बदली झाली की ही सगळी व्यवस्था टिकते कशी? नवे फादर आले की सॅक्रिस्टन म्हणतो, "आमच्याकडे असंच चालतं," आणि ते बिचारे मान डोलावतात.

खाडीपलीकडे

हस्तांतराची फाइल. बदलीचं पत्र आलं की पंधरा दिवसांत ऑफिस सांभाळणारी आणि हिशेबनीस मिळून करतात, जाणारे फादर सही करतात, अर्थ समितीचा एक सदस्य साक्षीला. आत: सगळ्यांची कामाची पानं, नेमणूकपत्रं, शेवटची पगारवाढ कधी आणि किती, शिल्लक रजा, कोणाला किती उचल दिली आहे ती. उचल नक्की लिहा. "जुन्या फादरांनी माफ केली होती" हे वाक्य नव्या फादरांच्या पहिल्या आठवड्यातच ऐकू येतं. ग्रॅच्युइटीच्या खात्याची शिल्लक. चालू तक्रारी, बंद पाकिटात. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू रजिस्टरं मोजून, शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहून.

नव्या फादरांनी पहिले तीन महिने पानात काही बदलू नये. प्रत्येक माणसाशी वीस-वीस मिनिटं एकट्याने बोलावं, पान समोर ठेवून: यातलं काय तू खरंच करतोस, काय करत नाहीस, आणि काय करतोस जे यात नाही. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून नवं पान तयार होतं.

माडबन

आणि किल्ल्या?

खाडीपलीकडे

जुडग्याला नावाची पट्टी लावायची नाही, फक्त आकडा. कुठल्या आकड्याची किल्ली कुठल्या कुलपाची ही यादी ऑफिसच्या कपाटात वेगळी, म्हणजे जुडगा हरवला तरी सापडणाऱ्याला काही कळत नाही. किल्ली घेताना-देताना वहीत सही. तिजोरीची दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये, अर्थ समितीतल्या दोघांच्या नावावर. दानपेट्यांना दोन कुलपं, एकाची किल्ली बंगल्यावर आणि दुसऱ्याची मोजणाऱ्यांकडे. कुलपं पितळी घ्या, लोखंडी आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत धरतात, आणि मग कोणीतरी ते एक कुलूप कायमचं उघडंच ठेवतं.